इंजिनाचा कागद

माझ्या सासऱ्यांना सहीची भारी हौस. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा ते नुकतेच सही करायला शिकले होते. कोळीवाड्यातल्या देवळामागे प्रौढांसाठी वर्ग भरायचा. बाकीचे पुरुष तिथे विड्या ओढायला आणि गप्पा हाणायला जायचे. आमचे बाबा खरंच शिकायला गेले. वाचायला त्यांना जमलं नाही, पण स्वतःचं नाव असं घोटलं की पुढे कोणी अंगठा पुढे केला की ते त्याच्याकडे फार कीव आल्यासारखं बघायचे.

पोस्टमन शेजारी मनिऑर्डर घेऊन आला तरी बाबा ओट्यावर उभे. "साक्षीदार लागत असंल तर सांग हां." देवळाच्या वर्गणीचा कागद, रस्ता करा म्हणून अर्ज, शाळेला मास्तर द्या म्हणून विनंती, जे समोर येईल त्यावर त्यांची सही. वर काय लिहिलंय याची चौकशी नाही. जीभ दातांत धरायची, नाव काढायचं, त्याखाली लांब रेघ ओढायची आणि रेघेखाली दोन टिंबं द्यायची. ती टिंबं कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "मास्तरांची तशी हायत."

सासूबाई या सगळ्याला हसायच्या. "सकालपासून एक सही न्हाय झाली, आज जेवन जायचं न्हाय याला," असं मला ऐकवायच्या, म्हणजे त्यांना ऐकवायच्या. त्या स्वतः अंगठा देत आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती.

आमचा कोळीवाडा मुरूडच्या उत्तरेला, सकाळी पाटी डोक्यावर घेऊन बाजारात चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. मी अलिबागेकडची, तिथल्या कोळीवाड्यातून आलेली, मराठी सातवी पास. आमच्यात घराचं काम किनाऱ्यावर दोन भागांत वाटलेलं असतं. दर्यावर जाणं, जाळं टाकणं, होडी किनाऱ्याला लावणं हे पुरुषांचं. मासळी वाळूवर उतरली की पुरुष बाजूला होतो. पुढचं सगळं बाईचं. निवडायचं, घरच्या कालवणाचं बाजूला काढायचं, सुकवायचं ते सुकवायला टाकायचं, बाकीचं पाटीत भरून बाजारात न्यायचं, विकायचं, आणि पैसे कमरेच्या पिशवीत बांधून घरी आणायचे. त्या पिशवीतून मग होडीचा खर्च, खलाशांचा वाटा, घरचं मीठमिरची, देवाची वर्गणी. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. दर्यावर त्यांचा शब्द खाली पडत नसे. पण विडीला पैसे हवे असले की हे तांडेल चुलीपाशी येऊन उगाच भांडी हलवत उभे राहायचे. सासूबाई बराच वेळ त्यांना तसंच उभं ठेवायच्या. मला फार मजा वाटायची.

सासूबाईंबरोबर बाजारात जायची ती काकी. बाबांच्या चुलतभावाची बायको, म्हणजे सासूबाईंची जाऊ, आणि आमची भिंतीला भिंत. दोघी एकत्र निघायच्या, बाजारात शेजारी शेजारी बसायच्या आणि दिवसभर एकमेकींचं गिऱ्हाईक पळवायच्या. काकीचा आवाज असा की तिने "पापलेट" म्हटलं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला माणूस वळून बघायचा. "तुज्या वरडन्यानं माजं गिराइक घाबारतं," असं सासूबाई तिला म्हणायच्या. येताना मात्र दोघी एका पानाचे दोन तुकडे करून खात यायच्या. मी मागून रिकाम्या पाट्या घेऊन चालायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्या दिसायला लागल्या. आमची शिडाची. वारा पडला की होडी दर्यावर अडकायची आणि बाजाराची वेळ टळून जायची. इंजिनवाल्यांची मासळी तोवर विकून झालेली असायची. म्हणून इंजिनाचा ध्यास घरात सर्वांत आधी कोणी घेतला असेल तर तो सासूबाईंनी. रोज जेवताना तेच. "अवं, इंजान कदी घेनार? म्हातारी झाल्यावर?" बाबांना वल्ही मारून खांदे दुखायला लागले होते, पण स्वतःहून ते कधी बोलले नाहीत. बायको बोलते आहे हे त्यांना बरंच वाटत असणार.

मग दिवाळीनंतर मुंबईचे एक शेठ लाँचने आले. गोरे, गोल, हसतमुख. मासळीचा मोठा व्यापार. आमच्या ओट्यावर ऐसपैस बसले, चहा घेतला, माझ्या हातच्या चहाचं कौतुकही केलं. "तांडेल, तुम्ही फिकर नको करू. इंजिन मी देतो. पैसा आत्ता एक नको. मासळीतून सावकाश वळता करू." बाबा खुलले. शेठनी कागद तयार करून आणला होता, त्याची एक प्रत वाचायला ठेवली. "घरात वाचून घ्या. येत्या सोमवारी स्टँपाच्या कागदावर सही करू." हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणाले शेठने फसवलं. फसवणाऱ्याने कागद घरी वाचायला ठेवला नसता. बाबांनी तिथल्या तिथे शब्द दिला. शेठनी मागितली असती तर सहीसुद्धा तिथल्या तिथे दिली असती.

संध्याकाळी बाबांनी मला कागद वाचायला बसवलं. माझा नवरा आणि दोन खलाशी समोर, बाबा मध्ये भिंतीला टेकून. सासूबाई मागल्या दारी बोंबील साफ करत होत्या. कागदाची भाषा म्हणजे पायात जाळं अडकावं तशी. शेठ 'लिहून घेणार', बाबा 'लिहून देणार'. 'लिहून देणार' हे आपल्याला म्हटलंय असं कळल्यावर बाबा ताठ बसले. दर वेळी तो शब्द आला की मान डोलवायचे.

मी वाचत गेले. इंजिनाची किंमत, त्यावरचं व्याज, इंजिन बिघडलं तर दुरुस्ती कोणाची. त्यावर पुरुषांनी खूप चर्चा केली. तेल कोण भरणार, पंखा तुटला तर काय, होळीच्या आत बसवून होईल का. खलाशांनीही अक्कल पाजळली. मग आलं ते कलम: 'सबब कर्जफेड पुरी होईपर्यंत सदर होडीची लहानमोठी सर्व मासळी लिहून देणार यांनी किनाऱ्यावरच लिहून घेणार यांच्या माणसाच्या ताब्यात द्यावी. दर लिहून घेणार ठरवतील तो मान्य असावा. मासळी इतर कोणासही देऊ अगर विकू नये.'

बाबांनी मान डोलवली. खलाशांनी डोलवली. माझ्या नवऱ्याने जांभई दिली. कोणाला काही खटकलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष म्हणावा तर तोही नव्हता. जाळ्याबद्दल एक शब्द वेडावाकडा असता तर बाबा ताडकन उठले असते. हे कलम विक्रीचं होतं, आणि विक्री हे त्यांचं काम कधी नव्हतंच. मासळी वाळूवर उतरली की त्यांचा संबंध संपला. पुढे ती सासूबाईंच्या पाटीत जाते की शेठच्या बर्फात, हा विचार त्यांच्या डोक्याच्या वाटेलाच गेला नव्हता. सगळ्या कोळीवाड्यात ज्या पुरुषांनी तो कागद ऐकला त्यांनी असंच ऐकलं असणार.

मागल्या दाराहून आवाज आला. "सूनबाय, तेवडं परत वाच."

मी परत वाचलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हात कोपरापर्यंत ओले.

"मंग मी काय इकू?"

"तू इकतेस ते इक ना," बाबा म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"काय इकू? वालू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी दुसरं काहीतरी वाचून दाखवीन. मी तिसऱ्यांदा वाचलं. 'लहानमोठी सर्व' या शब्दांवर या वेळी मीच अडखळले. मीही त्या पाटीखाली मान द्यायला नुकतीच शिकत होते. बाजारातली ती जागा पुढे माझी होणार होती.

"पन इंजान..." बाबा म्हणाले.

"इंजान मनाच पायजे," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याआदी मना पायजे. पन माजा बाजार देऊन न्हाय पायजे."

बाबा म्हणाले, शब्द दिलाय. त्या म्हणाल्या, शब्द तुमी तुमच्या मासलीचा दिलाय का माज्या? असं बराच वेळ चाललं. शेवटी सासूबाई भांडायच्या थांबल्या, आणि त्या थांबल्या की मला जास्त भीती वाटायची. थोड्या वेळाने त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "उद्या वारा चांगला हाय. होडी लवकर येल. तुमी माज्याबरोबर बाजारात चला."

पुरुषाने मासळीबाजारात पाटीमागे बसणं म्हणजे साऱ्या गावाला हसू. बाबा बाजारात जायचे ते दोरखंड आणायला, तेही मासळीची ओळ टाळून. पण शब्दाचा घोळ त्यांना आतून खात असणार. ते आले. वाटभर आमच्यापासून चार पावलं पुढे चालत राहिले, जसे काही आमचे नाहीतच.

सासूबाईंनी जागेवर पाटी उतरवली, पापलेटं वर मांडली, कोळंबीचे आणि मांदेलीचे वाटे लावले, बाबांना मागे बसवलं आणि म्हणाल्या, "मी चाय पिऊन येते." मला हाताला धरून समोरच्या दुकानाच्या फळीआड नेलं. चहा कसला नि काय. आम्ही तिथून बघत उभ्या.

काकी त्यांच्या शेजारीच बसली होती. तोंडात पदर कोंबून हसत होती.

पहिल्या आल्या त्या राजपुरीकडच्या एक मुसलमान मावशी, सगळा बाजार त्यांना खालाजान म्हणायचा. बुरखा मागे टाकलेला, हातात पिशवी, सासूबाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पापलेटाचे कल्ले उघडून बघितले, तोंड वाकडं केलं आणि सासूबाईंना ज्या सवयीने सांगत त्याच सवयीने अर्धा भाव सांगितला. तो अर्धा भाव ऐकून चढवत न्यायचा असतो, हे त्यांनाही माहीत, सासूबाईंनाही माहीत. बाबा "घ्या" म्हणाले.

खालाजान चमकल्या. "या अल्ला, खरंच?" म्हणाल्या. बाबांना वाटलं त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी वर मांदेलीचा एक वाटा त्यांच्या पिशवीत ओतला. सासूबाईंनी माझा दंड असा आवळला की वळ उठला. दुसरी बाई आली, तिने जुन्या आण्यांत भाव सांगून नव्या पैशांत हिशेब करताना चार पैसे खाल्ले. बाबा तिलाही "घ्या" म्हणाले. दर्यावर वादळाला न भिणारा माणूस घामाने निथळत होता आणि सुटका व्हावी म्हणून जो जे मागेल ते देत होता. मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटत होतं.

मग सासूबाई गेल्या. बाबांना बाजूला सरकवून बसल्या आणि उरलेली पाटी विकली. कोणाशी भांडल्या, कोणाच्या मुलीचं लग्न विचारलं, एकीला म्हणाल्या उद्या दे पैसे, एकीला म्हणाल्या तुला मागचे द्यायचेत त्याचं काय. बाबा गुडघे पोटाशी घेऊन बघत होते. इतक्या वर्षांत आपली मासळी किनाऱ्यापुढे कुठे जाते हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना ते पुढे नाही चालले. आमच्याबरोबर चालले. वाटेत मला म्हणाले, "सूनबाय, शेट कंच्या दरानं घेनार, ता कागदात हाय का?"

"ते ठरवतील तो दर, असं आहे बाबा."

ते थांबले. "म्हंजे समोरचा सांगंल, नि मी घ्या म्हनायचा."

"होय."

"आज बसलो तसा."

"तसंच."

"रोज?"

"कर्ज फिटेपर्यंत रोज."

त्या दिवशी चुलीपाशी भांडी हलवायच्या आधीच त्यांना विडीचे पैसे मिळाले.

सोमवारी शेठ आले. स्टँपाचा कागद ओट्यावर पसरला आणि खिशातून पेन काढलं. असं पेन आमच्या कोळीवाड्यात कोणी पाहिलं नव्हतं, सोन्याच्या टोकाचं. बाबांनी ते हातात घेतलं. वळवून बघितलं, टोपण काढलं. मला धडकी भरली. त्या पेनने सही करायला मिळणं म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं ते आम्हा दोघींनाच ठाऊक. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बोलल्या असत्या तर बाबांनी हट्टाने सही केली असती, एवढं त्या नवऱ्याला ओळखून होत्या.

बाबांनी टोपण परत लावलं. "शेट, या कागदात मी मासली लिवून देतो असं हाय."

"हो. मग?"

"ती माजी न्हाय."

शेठ हसले. "तुमची नाय तर कोणाची, तांडेल?"

"हिची. मी धरतो. वालूवर आली का हिची. जी चीज माजी न्हाय ती मी कशी लिवून देऊ?"

शेठना वाटलं थट्टा चालली आहे. मग ते सासूबाईंकडे वळले, अगदी मायेने. "बाई, उलट तुम्हाला आराम. रोज एवढं ओझं डोक्यावर. घरी बसा, नातवंडं खेळवा." खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"माजं वझं मना जड न्हाय," सासूबाई म्हणाल्या. मग त्या ओट्यावर आल्या आणि बाजारात बसतात तशा मांडी घालून बसल्या. "असं करा. पापलेट नि सुरमय तुमची, त्या दिवसाच्या बाजारभावानं. बाकी लहान म्हावरं नि घरचं कालवन माजं. हप्ता चुकला तर आमी गुनेगार. तसं लिवा, हा आत्ता सही करंल. नि मी अंगठा."

शेठनी विचार केला. मला वाटतं त्यांना ती पसंतही पडली. पण म्हणाले, "एकाला असं लिहून दिलं तर उद्या सगळा किनारा हेच मागेल. मला नाय परवडणार." चहा घेतला, कागद घडी करून पिशवीत घातला, बाबांच्या हातातून पेन घेतलं आणि निघाले. जाताना भांडले नाहीत.

ते पेन गेलं तेव्हा बाबांचं तोंड बघवत नव्हतं. इंजिनाचं दुःख वेगळंच.

शेठ आमच्या ओट्यावरून उतरले ते शेजारच्या ओट्यावर चढले. काकीच्या नवऱ्याला त्यांनी तोच कागद वाचून दाखवला. मोठ्या भावाने सोडलं ते आपण का सोडावं, असं त्याला वाटलं. त्याच दिवशी त्याने अंगठा दिला. काकीला तर आनंद झाला. "सुटले गो बाय," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "आता तू एकटीच वरड बाजारात." सासूबाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. त्यांना तिला सावध करायचं होतं, पण आता काही सांगितलं असतं तर ते जळतेय म्हणून बोलतेय असं झालं असतं.

त्यांच्या होडीला इंजिन बसलं. पहाटे त्याचा आवाज आला की बाबा अंथरुणात जागे व्हायचे आणि छताकडे बघत पडून राहायचे. आमची होडी शिडाने जायची, उशिरा यायची. त्या वर्षी आमच्या घरात नवं लुगडं आलं नाही. मी सासूबाईंवर मनातून चिडलेही होते, हे का लपवू? माझ्या नवऱ्याचे खांदेही दुखत होतेच की.

बाजारात काकीची जागा रिकामी राहिली. सासूबाईंनी तिथे दुसरीला बसू दिलं नाही. स्वतःची रिकामी टोपली तिथे ठेवायच्या.

काकी पहिले काही आठवडे खुशीत होती. दुपारी झोपायची, वेणी घालून ओट्यावर बसायची. मग हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. तिच्या कमरेच्या पिशवीत काही येत नव्हतं. पैसा होता तो शेठच्या वहीत, आणि तिथून नवऱ्याच्या हातात थोडा सुटायचा. मिठासाठी, बांगडीसाठी, लेकीच्या घरी जायला, सगळ्याला नवऱ्याकडे मागावं लागायचं, आणि त्याला द्यायची सवय नव्हती, तिला मागायची नव्हती. दोघं भांडायला लागले. भिंत पातळ, आम्हाला सगळं ऐकू यायचं.

एक दिवस ती मागल्या दारी आली. हातात पितळी पातेलं, पदराखाली धरलेलं. समोर किनाऱ्यावर तिच्याच घरची होडी लागली होती आणि शेठचा माणूस पाट्याच्या पाट्या बर्फात घालत होता. काकी सासूबाईंकडे न बघता म्हणाली, "जरा कालवनाला देतेस?"

किनाऱ्यावर जन्मलेल्या बाईने कालवणाला मासळी मागावी! सासूबाईंनी पातेलं घेतलं. बोंबील नाही दिले, मांदेली नाही दिली. बाजारासाठी काढून ठेवलेलं सर्वांत मोठं पापलेट त्यात ठेवलं आणि वर झाकण घालून तिच्या हातात दिलं. काकी गेल्यावर त्या चुलीपाशी बसून रडल्या. मी त्यांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं. त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला, तो पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी एक पातेलं भिंतीपलीकडे जाऊ लागलं. कोणी त्याबद्दल बोलायचं नाही.

पुढे गावात मच्छीमारांची सोसायटी निघाली. सरकारी कर्ज, हप्त्याने फेड, मासळी कोणाला विकायची ती तुमची मर्जी. आम्ही तिथूनच इंजिन घेतलं. तो कागद सासूबाईंनी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतला की मला तो पाठ झाला. आणि बाबा असे बदलले होते की पोस्टमन वैतागायचा. मनिऑर्डरची पावतीसुद्धा मी वाचल्याशिवाय सही नाही. हौस कमी झाली नव्हती, धीर वाढला होता.

मग एकदा काकीचा नवरा आला, खाली मान घालून. सोसायटीचं कर्ज काढून शेठचं उरलेलं एकदम फेडायचं होतं. शेठ मोकळं करायला तयार होते. पण सोसायटीला जामीन हवा होता.

मी जामिनाचा कागद वाचला. सासूबाई म्हणाल्या, "त्यानं न्हाय फेडलं तर?"

"मग आपल्याकडून वसूल करतील."

"होडी नेतील?"

"नेतील."

बाबांनी विडी पेटवली आणि विझवली. होडीवर तेव्हा आमचंच कर्ज होतं, आणि माझा थोरला नुकताच रांगायला लागला होता. खरं सांगते, नाही म्हणावं असंच मला वाटत होतं. काकीच्या नवऱ्यालाही नकारच अपेक्षित होता. तो उठायला लागला.

सासूबाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि भिंतीपलीकडे हाक मारून काकीला बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली.

"आता मासली इकून पैसा येल, तो कोनाच्या हातात येनार?" सासूबाईंनी तिला विचारलं.

काकीने नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "माज्या," ती म्हणाली.

"हप्ता कोन भरनार?"

"मी."

सासूबाई बाबांकडे वळल्या. "करा सही."

बाबांनी केली. नाव, रेघ, दोन टिंबं.

दुसऱ्याच आठवड्यात काकी आमच्याबरोबर बाजाराला निघाली. वाटेत बोलत होती, हसत होती. सासूबाईंनी टोपली उचलून तिची जागा मोकळी केली. काकी बसली, मासळी मांडली, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. लोक समोरून जात होते, ती नुसती बघत होती. हात मांडीवर घट्ट धरलेले. इतक्या दिवसांत गिऱ्हाईकं दुसरीकडे वळली होती, तिच्यापुढे कोणी थांबेना.

तेवढ्यात खालाजान आल्या, सासूबाईंच्या पाटीशी नेहमीसारख्या वाकल्या. पाटीत सुरमई होती, पहाटे आलेली, डोळे अजून चमकत होते. खालाजाननी हात पुढे केला तशी सासूबाईंनी झटकन फडकं ओढून पाटी झाकली.

"माजं शिलं हाय आज," त्या भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ताजं तिकडं घ्या, माज्या जावेकडं."